ताकद लई, पण लव्ह लाइफचं काय?

उडता येतं, भिंतीवर चढता येतं, धावती ट्रेन अडवता येते. पण ठरलेल्या वेळी ‘ती’च्यासमोर हजर राहता येत नाही! सुपरहिरोंच्या सिक्वेलमध्ये लव्हस्टोरी लागतेच का, आणि तिचं बिल शेवटी भरतं कोण?

साल २००४. मी दुसरीत, दादा आठवीत. कोल्हापुरातलं एक सिंगल स्क्रीन थिएटर, पडद्यावर हिंदीत डब केलेला ‘स्पायडरमॅन २’. आम्ही दोघं मारामारी बघायला गेलेलो. आणि हा हिरो काय करतोय, तर पिझ्झा पोचवतोय. तोही उशिरा! मालक त्याला हाकलतो. कॉलेजात मास्तर झापतात. भाडं थकलंय. एकदा तर भिंतीवरून सटकून खालीच पडला बिचारा. मागच्या रांगेतून आवाज आला, ‘‘भावा, ह्यापेक्षा आमच्या तालमीतलं पोरगं बरं!’’ सगळं थिएटर फुटलं.

मला मात्र त्यातला एक सीन पक्का आठवतो. मेरी जेनचं नाटक आहे. पीटरने ‘येतो’ म्हणून सांगितलंय. रस्त्यात काहीतरी होतं, तो धावतपळत पोचतो आणि दरवाजावरचा माणूस त्याला आत सोडत नाही. प्रयोग सुरू झालाय, आता नाही. बस्स. ज्याला गाड्या हवेत झेलता येतात, तो एका दरवाजाबाहेर ताटकळत उभा.

सात वर्षांच्या मला तेव्हा वाटलं होतं, दार तोड की! आता अठ्ठाविशीत, चार डेडलाइन एकदम अंगावर घेऊन बसलेली असताना कळतं की ते दार तोडता येत नसतं. सगळा फंडा तिथेच आहे.

पार्ट वन पॉवरचा, पार्ट टू माणसाचा

सुपरहिरोच्या पहिल्या भागाला एक सोय असते. पॉवर कशी मिळाली, हीच मोठी स्टोरी. कोळी चावला, एलियन भेटला, गुहेत चिलखत बनवलं. आपण बघतो, टाळ्या वाजवतो. प्रेम असतं, पण तोंडी लावण्यापुरतं. पावसात एक उलटं लटकून घेतलेलं चुंबन, की झालं.

दुसऱ्या भागात पंचाईत होते. आता पॉवरचं नावीन्य संपलेलं. व्हिलन कितीही मोठा आणा, प्रेक्षकाला ठाऊक असतं की हिरो मरणार नाही, पुढच्या भागाचं काँट्रॅक्टही झालेलं असेल. मग ह्याला दुखवायचं कुठे? हाडं मोडत नाहीत, गोळी लागत नाही. अशा माणसाला दुखेल अशी एकच जागा उरते. त्याची वाट बघणारी व्यक्ती.

म्हणून सिक्वेलमध्ये लेखक तिकडेच बोट ठेवतात. आणि गंमत बघा, जे प्रॉब्लेम येतात ते सगळे आपलेच. वेळ नाही. सांगता येत नाही. फोन उचलला नाही. वाढदिवस विसरला. ‘आयर्न मॅन २’ (२०१०) मधला टोनी स्टार्क जगातला सगळ्यात हुशार इंजिनिअर, पण पेपरला खूश करायला स्ट्रॉबेरी घेऊन जातो. आणि तिला नेमकी स्ट्रॉबेरीचीच अ‍ॅलर्जी! तो मरायला टेकलाय, हे तिला सांगायचंय. त्यासाठी विमानात बसून तिच्यासाठी आम्लेट बनवतो. आम्लेट होतं, पण सांगायचं ते राहूनच जातं. ओळखीचा वाटतो ना हा माणूस? आपल्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसतो तो.

लंगोटाचा पक्का!

आता हे सगळं कोल्हापुरात बसून बघताना जरा वेगळं दिसतं. कारण ताकदीबद्दल आमच्या गावाची एक स्वतःची थिअरी आहे. पेठेपेठेत तालीम, तालमीत मारुती. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेलं खासबाग मैदान. पैलवानाची सगळ्यात मोठी तारीफ कोणती? ‘लंगोटाचा पक्का आहे.’ म्हणजे पोरगा बाईच्या भानगडीत नाही. ताकद साठवायची असते, प्रेमात ती सांडते, असा हा हिशोब. मारुती स्वतः ब्रह्मचारी, मग विषयच संपला.

हॉलिवूडने हा हिशोब कधीचाच मांडून बघितलाय. ‘सुपरमॅन २’ (१९८०) मध्ये लुईसबरोबर राहायचं म्हणून सुपरमॅन आपल्या शक्तीच सोडून देतो. मग रस्त्याकडेच्या एका हॉटेलात साधा एक गुंड त्याला बेदम मारतो आणि तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं रक्त बघतो. शेवटी शक्ती परत घ्याव्या लागतात आणि एका चुंबनाने लुईसच्या डोक्यातलं सगळं प्रेम पुसून टाकावं लागतं. चाळीस वर्षांनी ‘वंडर वुमन १९८४’ (२०२०) मध्ये तेच, फक्त हिरोच्या जागी बाई. डायनाचा मेलेला प्रियकर परत येतो आणि तिची ताकद ओसरायला लागते. जग वाचवायचं तर त्याला पुन्हा गमवावं लागणार. म्हणजे तालमीतला वस्ताद आणि हॉलिवूड इथे एकाच मताचे! प्रेम किंवा पॉवर, दोन्ही मिळणार नाही.

‘स्पायडरमॅन २’ मला आजही भारी वाटतो तो याचसाठी. सॅम रेमीच्या या सिनेमात पीटरही ड्रेस कचऱ्यात टाकतो, ताकद गेल्यावर थोडे दिवस मजेतही राहतो. पण शेवटी निर्णय मेरी जेन घेते. स्वतःच्या लग्नातून, वधूवेशात पळत त्याच्या खोलीवर येते. त्याचं सत्य तिला कळलंय, धोकाही कळलाय. ती म्हणते, हे ठरवायचा हक्क मलाही आहे. बाहेर सायरन वाजतो, तो निघतो, ती जाऊ देते. कॅमेरा मात्र त्याच्यामागे जाऊन संपत नाही. तो तिच्यावर येऊन थांबतो. खिडकीत उभी मेरी जेन, चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरत चाललेलं. हा शॉट डोक्यात ठेवा. पुढे लागणार आहे.

मुखवटा काढायचा कुणासमोर?

लव्हस्टोरीचं सिक्वेलमधलं दुसरं काम म्हणजे मुखवटा. रोज ऑफिसात आपण एक चेहरा घालून बसतो. ‘नो प्रॉब्लेम सर, आज रात्रीपर्यंत देतो.’ घरी आल्यावर तो काढायला कुणीतरी लागतं. सुपरहिरोचं तर हे अधिकृत दुखणं.

टिम बर्टनच्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’ (१९९२) मध्ये यावरचा बेस्ट सीन आहे. मुखवट्यांची पार्टी. सगळे नटूनथटून मुखवटे घालून आलेत आणि फक्त दोघंच जण उघड्या चेहऱ्याने नाचतायत. ब्रूस आणि सेलिना. म्हणजे बॅटमॅन आणि कॅटवुमन. रोज रात्री एकमेकांना फोडून काढणारे. नाचता नाचता आधी बोललेलं एक वाक्य पुन्हा तोंडून निघतं आणि दोघांनाही कळतं, समोर कोण आहे ते. कसलाही स्फोट नाही, तरी काळजात धस्स होतं.

आपल्या ‘क्रिश’ने (२००६) हाच प्रकार उलटा केला. ‘कोई मिल गया’ (२००३) चा हा पुढचा भाग. आजीने नातवाला डोंगरात लपवून ठेवलंय, ताकद कुणाला दाखवायची नाही असं बजावलंय. तो डोंगरातून बाहेर पडतो ते कशासाठी? जग वाचवायला अजिबात नाही. प्रियासाठी! सिंगापूरला. आणि प्रियाने त्याला का बोलावलंय? तिची टीव्ही चॅनेलमधली नोकरी जायची वेळ आलीय, तिला एक दणदणीत कार्यक्रम हवाय. प्रेमाचं नाटक करून ती त्याला बोलावते. मीडियात काम करणारी मुलगी म्हणून हा ट्रॅक बघताना मला दर वेळी खुर्चीत अवघडल्यासारखं होतं. स्टोरीसाठी माणूस वापरायचा मोह काय असतो, ते आम्हाला विचारा. पण त्या खोटेपणामुळेच क्रिश आपल्यातला वाटतो. फसवला गेलेला, तरीही प्रेम करणारा.

बिल कुणी भरलं?

इथवर सगळं गोड गोड. आता जरा कडू.

हिरोला ‘माणूस’ बनवायचा सगळ्यात सोपा, सगळ्यात स्वस्त मार्ग कोणता? तिला मारून टाका. ‘द डार्क नाइट’ (२००८) मध्ये रेचेल जाते. तिने ब्रूसला एक पत्र लिहिलेलं असतं, की मी दुसऱ्याशी लग्न करतेय. आल्फ्रेड ते जाळून टाकतो. म्हणजे तिचं मरणही ब्रूसच्या दुःखासाठी, आणि तिचा निर्णयही त्याच्याच भल्यासाठी गायब! ‘द अमेझिंग स्पायडरमॅन २’ (२०१४) मध्ये ग्वेन स्टेसी. हुशार मुलगी, ऑक्सफर्डला निघालेली. संकटात स्वतःच्या डोक्याने, स्वतःच्या हिमतीने उतरते आणि घड्याळाच्या टॉवरमध्ये पडून मरते. कॉमिकमध्ये ती १९७३ मध्येच मेली होती, त्यामुळे फॅन लोकांना धाकधूक होतीच. आणि ‘क्रिश ३’ (२०१३)? प्रिया गरोदर, अर्धा सिनेमा कैदेत. तिचं रूप घेऊन घरात शिरलेली काया क्रिशच्या प्रेमात पडते, त्याच्या बाजूने उभी राहते आणि अर्थातच मरते. कंगनाचा रोल लोकांना लक्षात राहिला, पण काया पुढच्या भागासाठी उरली नाही.

या सवयीला अमेरिकेत एक नाव आहे. १९९९ मध्ये गेल सिमोन नावाच्या बाईने, जी पुढे स्वतः नामवंत कॉमिक लेखिका झाली, अशा मारल्या गेलेल्या, छळल्या गेलेल्या बायकांची एक यादीच केली. यादीचं नाव ‘फ्रिजमधल्या बायका’. कारण १९९४ च्या एका ‘ग्रीन लँटर्न’ कॉमिकमध्ये हिरो घरी येतो आणि त्याच्या गर्लफ्रेंडचं प्रेत त्याला फ्रिजमध्ये सापडतं. सिमोनचा प्रश्न साधा होता. हिरोला राग यावा, रडू यावं, म्हणून दर वेळी तिचाच बळी का?

आणि जी मरत नाही, ती काय करते? वाट बघते. खिडकीत.

शंभर वर्षांपूर्वीचा आमचा सिक्रेट आयडेंटिटीवाला

आता म्हणाल, बाई, कोल्हापूरचं काय? तर ऐका. सुपरहिरो, लपवलेली ओळख आणि लव्हस्टोरी हे पॅकेज कोल्हापुरात १९२० मध्येच आलं होतं!

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे ना? आपण रोज त्याच्या कडेने गाडी काढतो, वर बघतसुद्धा नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची ती आठवण. स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर सिनेमा काढणारा हा माणूस. त्यांचा पहिला मूकपट ‘सैरंध्री’, १९२० चा, खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर बेतलेला. सिनेमा बघून लोकमान्यांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. कीचकाचा वध पडद्यावर इतका खरा वाटायचा, की प्रेक्षक हादरून जायचे असं सांगतात.

पण मला बोलायचंय ते मूळ गोष्टीबद्दल. विराटपर्व आठवा. पांडवांचं अज्ञातवासाचं वर्ष. ओळख उघडी पडली तर पुन्हा बारा वर्षं वनवास. म्हणजे सिक्रेट आयडेंटिटी, तीही कडक पेनल्टीसकट! आणि सगळ्यात ताकदवान माणूस, भीम, कुठे लपलाय? राजाच्या मुदपाकखान्यात, बल्लव नावाचा स्वयंपाकी बनून. द्रौपदी राणीची दासी, सैरंध्री. राणीचा भाऊ कीचक तिच्या मागे लागतो, भर दरबारात लाथ मारतो. पांडव तिथे असूनही गप्प. कारण तेच, ओळख उघड होईल.

मग रात्री द्रौपदी काय करते? खिडकीत उभी राहत नाही. उठते आणि थेट स्वयंपाकघरात जाते. झोपलेल्या भीमाला उठवते, चांगलं झापते. चंदन उगाळून उगाळून घट्टे पडलेले हात त्याच्यापुढे धरते. आणि हजार हत्तींचं बळ असलेला तो माणूस ते हात आपल्या तोंडावर घेऊन रडतो.

सांगा, याहून ह्यूमन सीन कुठल्या सिक्वेलमध्ये आहे? आणि मुख्य म्हणजे तिला मरावं लागत नाही. पुढचा प्लॅन दोघांचा मिळून. कीचकाला रात्री नृत्यशाळेत बोलावण्याचं काम तिचं, अंधारात वाट बघत पडून राहण्याचं काम त्याचं. इथे वाट बघतोय तो भीम! प्रेमाने त्याची ताकद कमी होत नाही. कुठे वापरायची, ते कळतं. पेठेतल्या वस्तादांची माफी मागून सांगते, लंगोटाच्या थिअरीला महाभारतातच उत्तर सापडतं.

मराठी सिनेमाने पुढे आधुनिक सुपरहिरोचाही प्रयत्न केला. निखिल महाजनचा ‘बाजी’ (२०१५), श्रेयस तळपदे आणि अमृता खानविलकर. कौतुक झालं ते धाडसाचं, पण दुसरा भाग काही आला नाही. त्यामुळे आपल्या मराठी सुपरहिरोचं लग्नानंतर काय झालं, हे अजून कुणालाच माहीत नाही. कुणी काढणार असेल, तर एक विनंती. बाईला फ्रिजमध्ये ठेवू नका.

वीकेंड लिस्ट

स्पायडरमॅन २ (२००४): उशिरा पोचणाऱ्या सगळ्यांसाठी.
बॅटमॅन रिटर्न्स (१९९२): ज्यांचं पटतही नाही आणि तुटतही नाही, अशांसाठी.
क्रिश (२००६): खोटं बोलून सुरू झालेल्या प्रेमासाठी. पॉपकॉर्न मोठा घ्या.
स्पायडरमॅन: नो वे होम (२०२१): रुमाल जवळ ठेवा. जग वाचवण्यासाठी सगळं जग पीटरला विसरतं, एमजेसुद्धा. तो सगळं पुन्हा सांगायला तिच्या दुकानात जातो, चिठ्ठीही लिहून नेलीय. तिच्या कपाळावरची जखमेची पट्टी बघतो आणि न सांगताच परत फिरतो.

खिडकी की स्वयंपाकघर?

आता घरची गोष्ट. आठवीतला माझा तो दादा मोठा झाला, पुण्यात आयटीत लागला. लग्न ठरलं ते कोल्हापूरच्याच मुलीशी. वहिनी नोकरी सांभाळून हौशी नाटकं करतात. लग्नाआधी, २०२२ मध्ये, त्यांचा केशवराव भोसले नाट्यगृहात प्रयोग होता. पहिलाच मोठा रोल. दादाने ‘येतो’ म्हणून सांगितलेलं. ऐनवेळी कंपनीत काहीतरी बंद पडलं, सगळी टीम अडकली. दादा निघाला उशिरा, पोचला तेव्हा पडदा पडून लोक बाहेर येत होते. मेकअप पुसत वहिनी पायऱ्यांवर आल्या. मी बाजूलाच उभी होते.

दादा म्हणाला, ‘‘अगं, सिस्टीमच बंद पडली होती. लोकांचे पैसे अडकले होते.’’

वहिनी शांतपणे म्हणाल्या, ‘‘माहितीये रे. तू जग वाचवत होतास. वाचव की. फक्त मला खिडकीत उभं करू नकोस.’’

दोघांनी ‘स्पायडरमॅन २’ एकत्र बघितला होता, हे मला नंतर कळलं. पुढचे दोन महिने लग्न होतंय का नाही, असे दिवस होते. आईने देव पाण्यात ठेवायचे बाकी ठेवले होते.

लग्न झालं. पण तो प्रयोग दादाचा राहिला तो राहिलाच. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये नाट्यगृहाला आग लागली. त्या रात्री दादाने पुण्याहून फोन केला. बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, ‘‘तिला तिथं बघायचं राहिलं गं.’’ त्या फोननंतर दादा मला पहिल्यांदा सुपरहिरोसारखा वाटला. उचलण्यासारखं काही नव्हतं, अडवण्यासारखं काही नव्हतं. नुसतं एक चुकलेलं दार आणि ते चुकलंय हे कळलेला माणूस.

मागच्या महिन्यात वहिनींच्या नव्या नाटकाची तालीम होती. मी सहज डोकावले. दादा सुट्टी काढून आलेला, तोही ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी. लॅपटॉप बॅगेत, बॅग कोपऱ्यात. आणि साहेब स्टोव्हजवळ उभे राहून अख्ख्या ग्रुपसाठी चहा करत होते. आलं जरा जास्तच पडलं होतं.

मी म्हटलं, ‘‘काय रे दादा, हे काय?’’

स्टेजवरून वहिनीच ओरडल्या, ‘‘त्याला दादा म्हणू नका आज. बल्लव म्हणा!’’